समन्सनंतरचा महिना: भाडेकरूंच्या खटल्यांचा नकाशा कशासाठी काढायचा?

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक लांबट खाकी लिफाफा, देवघराखालच्या फडताळात पोथीखाली जपून ठेवलेला. दुसरी, रबरबँड लावलेली छोट्या पाकिटांची चळत. लिफाफ्यात दिवाणी न्यायालयाचं समन्स होतं, हिंदीत, सोबत दाव्याची नक्कल. पाकिटांवर निळ्या पेनाने महिन्यांची नावं लिहिलेली: जून, जुलै, ऑगस्ट... एकूण चौदा. प्रत्येकात त्या त्या महिन्याचं भाडं.

झालं होतं ते असं. काकू ज्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत तीस वर्षं राहताहेत, तो वाडा विकला गेला. नव्या मालकाने पहिले दोन महिने भाडं घेतलं, मग "राहू द्या, नंतर बघू" म्हणत घेणं बंद केलं. काकूंनी डबे करून घर चालवलेलं; कुणाचं देणं डोक्यावर ठेवायचं नाही हा त्यांचा खाक्या. त्या दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाकिटात घालून ठेवत गेल्या, मागायला आले की देऊ म्हणून. मागायला कुणी आलं नाही. नोटीस आली. ती पुतण्याने वाचली आणि "बघतो" म्हणून खिशात घातली. मग समन्स आलं.

"पेशी वीस तारखेला आहे ना, तेव्हा जाऊ म्हटलं," काकू म्हणाल्या. "आत्तापासून वकिलाचा खर्च कशाला?"

समन्स हातात पडून तोवर चाळीस दिवस झाले होते. सगळी गोम पहिल्या तीस दिवसांत होती, आणि ती ना काकूंना ठाऊक होती ना मला. मी पोटासाठी आकड्यांचं काम करते, कायद्याचं नाही. पण त्या संध्याकाळपासून एक प्रश्न डोक्यात बसला: हे खटले दाखल होतात तेव्हा कोर्टाच्या यादीत सगळ्यांना दिसतात. मग ज्यांनी मदत करायची, त्यांना ते वेळेत का दिसत नाहीत?

घड्याळ कधी सुरू होतं

आधी कायदा समजून घेऊ, कारण नकाशाचा उपयोग त्यावरच अवलंबून आहे. आमच्याकडे इंदूरमध्ये भाडेकरू-मालकाचे बहुतेक जुने-नवे तंटे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ या कायद्याखाली चालतात. त्याच्या कलम १२ मध्ये जागा खाली करून मागायची कारणं दिली आहेत. भाडं थकलं आणि मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी चुकती केली नाही, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला राहायला किंवा धंद्याला जागेची खरोखर गरज आहे, इमारत माणसाने राहण्याजोगी उरली नाही, अशी ती यादी बरीच लांबते. या कारणांबाहेर जाऊन "मला वाटलं म्हणून" बाहेर काढता येत नाही. इथवर बहुतेकांना माहीत असतं, निदान ऐकून तरी.

माहीत नसतं ते कलम १३. मालकाने कलम १२ मधल्या कुठल्याही कारणावर दावा लावला, म्हणजे भाडं थकल्याचा असो की 'बोनाफाइड', म्हणजे खऱ्याखुऱ्या, गरजेचा, तर समन्स बजावल्यापासून एका महिन्याच्या आत भाडेकरूने थकलेलं सगळं भाडं कोर्टात जमा करायचं किंवा मालकाला द्यायचं. त्यानंतर खटला चालेल तितके दिवस दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरत राहायचं. समजा समन्स १० जूनला हातात पडलं आणि तुम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरताय, तर जूनअखेरपर्यंतचं सगळं भरायचं. मग जुलैचं भाडं १५ ऑगस्टच्या आत, ऑगस्टचं १५ सप्टेंबरच्या आत, असं पुढे.

हे पाळलं नाही तर कोर्ट भाडेकरूचा बचावच काढून टाकू शकतं. म्हणजे खटला चालतो, पण बेदखलीविरुद्ध तुमचं म्हणणं कोर्टापुढे उरत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वेळेवर पैसे भरले तर 'भाडं थकलं' या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. ही सवलत एकदाच पदरात पडते. ती घेऊन पुन्हा लागोपाठ तीन महिने भाडं चुकवलं तर दुसऱ्यांदा नाही.

आता काकूंचा चाळीसावा दिवस बघा. समन्सवर डोळ्यांत भरते ती पेशीची तारीख. साधा माणूस तीच धरून बसतो: लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त बघावा तशी. पण पैशाचं घड्याळ पेशीपासून चालत नाही, कागद हातात पडल्यापासून चालतं. पेशी येईपर्यंत ते वाजून गेलेलं असू शकतं. पैसे घरात होते, नियतही साफ होती, आणि कायद्याच्या हिशेबात काकू थकबाकीदारच्या थकबाकीदार. शिवाय मालक भाडं घेतच नसेल तर ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करायची सोय याच कायद्यात आहे. चौदा महिन्यांत एकानेही त्यांना हे सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण होतं?

कलम १३ मध्ये एक फट आहे, चांगल्या अर्थाने. कोर्टाकडे अर्ज करून मुदत वाढवून मागता येते. काकूंच्या वकीलबाईंनी तोच अर्ज लावला. त्याबद्दल पुढे.

दुसरीकडे हे कसं करतात

खटल्यांचे आकडे गोळा करून नकाशावर मांडायची कल्पना अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेसमंड यांनी तिथे 'इव्हिक्शन लॅब' उभी केली आणि २०१८ साली देशभरच्या कोर्टांमधल्या घरखाली खटल्यांचा मोठा साठा सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून पहिल्यांदा कळलं की एकट्या २०१६ सालात तिथे सुमारे नऊ लाख घरांवर बेदखलीचे हुकूम झाले. मोठ्या शहरांत सगळ्यात वाईट प्रमाण निघालं ते दक्षिण कॅरोलायनातल्या नॉर्थ चार्ल्सटनचं: शंभर भाडेकरू घरांमागे साडेसोळा. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को असेल अशीच बऱ्याच जणांची समजूत असते. नकाशाचा पहिला फायदा हाच. ज्या गावाचं नावही कुणाच्या तोंडी नसतं ते लालभडक दिसायला लागतं.

पण माझ्या मते जास्त शिकण्यासारखं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. २०१७ साली त्या शहराने कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना घरखाली खटल्यात वकील मिळण्याची तरतूद केली. एकदम सगळ्या शहराला पुरतील इतके वकील आणायचे कुठून? म्हणून ती पिनकोडनुसार टप्प्याटप्प्याने लागू केली, आधी काही पिनकोड, मग आणखी काही. सगळ्यांना मदत पुरत नसेल तर ती आधी कुठे न्यायची, या प्रश्नाचं उत्तर द्यायला आकडे लागतात. नकाशा त्यासाठी. भिंतीवर लावायला नाही.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवायला हवा. तिथे खटला दाखल झाल्यापासून घर सोडेपर्यंत बऱ्याच ठिकाणी काही आठवडेच जातात, आणि कित्येक भाडेकरू तारखेला हजरच नसल्याने एकतर्फी निकाल होतो. आपल्याकडे खटला वर्षानुवर्षं चालतो. त्यामुळे 'इतके खटले म्हणजे इतकी माणसं रस्त्यावर' हा त्यांचा हिशेब इथे लावला तर उत्तर चुकणारच. आपल्याकडे घर जातं ते फार उशिरा, पण हरण्याची सुरुवात फार लवकर होते, त्या पहिल्या महिन्यात. म्हणून इंदूरच्या नकाशाने ठिकाणाइतकीच, किंबहुना जास्त, वेळ दाखवली पाहिजे.

इंदूरची यादी उघडून बघितली तर

देशातल्या जिल्हा न्यायालयांचं संगणकीकरण २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली सुरू आहे. २०२३ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. त्याचं फळ म्हणजे आज कुणीही मोबाईलवर खटल्याची स्थिती बघू शकतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो: आधी राज्य, मग जिल्हा आणि न्यायालय, मग खटल्याचा क्रमांक, शेवटी वर्ष. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने, खटल्याच्या प्रकाराने किंवा कायद्याच्या नावाने शोधता येतं. काकूंच्या घरी पहिलं काम मी हेच केलं, सीएनआर टाकून पुढची तारीख पाहिली. काकू चष्मा सावरत म्हणाल्या, "माझं नाव मोबाईलमध्ये?" त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, भीती होती. ती भीती अनाठायी नाही, तिच्याकडे मी परत येणार आहे.

तर यादी आहे. पण यादी म्हणजे नकाशा नाही, मध्ये बरीच खडी पसरलेली आहे.

पहिला खडा: घरखाली दावे वेगळ्या टोपलीत नसतात. ते साध्या दिवाणी दाव्यांच्या ढिगात पडतात, त्याच ढिगात वाटणीचे, मनाईहुकमाचे, करारपूर्तीचे दावे. वेगळे काढायचे तर 'कायदा' या रकान्यावर भिस्त. तिथे कधी १९६१चा अधिनियम नीट लिहिलेला दिसतो, कधी नुसती दिवाणी प्रक्रिया संहिता. दोन्ही भरणाऱ्याच्या दृष्टीने बरोबरच. माझ्या दृष्टीने दुसरा खटला गायब.

दुसरा खडा पत्त्याचा, आणि तो फार गमतीचा आहे. म्हणजे एकट्याने रात्री अकरा वाजता बसून साफ करायचा नसेल तर गमतीचा. एकाच गल्लीतली घरं मला अशी लिहिलेली सापडली: 'रामबाग', 'राम बाग मेन', 'नारायण बाग के पास', 'पंत के बाड़े में, पीछे वाला हिस्सा', 'पुराना नंबर, नया नंबर नहीं मालूम'. नकाशाच्या सॉफ्टवेअरला हे पाच वेगळे भाग वाटतात, किंवा तो सगळ्यांना उचलून राजवाड्याच्या मधोमध टेकवतो. त्याला ठिकाण समजलं नाही की तो शहराचा मध्यबिंदू पकडतो. म्हणून कच्चा नकाशा पाहिलात आणि राजवाड्यावर लाल डोंगर दिसला, तर घाबरू नका. तिथे कुणी भाडेकरूंवर तुटून पडलेलं नाही, आपल्या पत्त्यांची लाज तिथे गोळा झाली आहे. इलाज कंटाळवाणा आहे: वस्त्यांच्या नावांचा एक कोश हाताने करायचा, प्रत्येक नावापुढे त्याची पर्यायी रूपं लिहायची, आणि जे बसत नाही ते 'ठिकाण कळलं नाही' म्हणून प्रामाणिकपणे बाजूला ठेवायचं. यात पोस्टमन, गॅसवाला आणि जुन्या मराठी वस्त्यांतल्या आज्या हे सॉफ्टवेअरपेक्षा हुशार निघतात. पिनकोड वापरून पळवाट काढता येत नाही, एकेका पिनकोडात श्रीमंत कॉलनी आणि चाळ शेजारी शेजारी असतात.

तिसरा खडा सगळ्यात मोठा आहे आणि त्याने माझी पहिली योजना मोडली. खटला दाखल होतो तेव्हा यादीत नावं, तारखा, वकील दिसतात. जागेचा पत्ता कधी असतो, कधी अर्धा असतो, कधी नसतोच. पत्ता नीट मिळतो तो निकालपत्रात. तिथे जागेचं वर्णन चतुःसीमांसकट असतं, पूर्वेस गल्ली, पश्चिमेस अमक्याचं घर. पण निकाल येतो काही वर्षांनी. म्हणजे जागा कळते तेव्हा वेळ गेलेली असते, आणि वेळ असते तेव्हा जागा कळत नाही.

यावर दोन मार्ग सुचतात. एक, जुने निकाल वाचून सवयी ओळखायच्या: कुठल्या वस्त्यांतून हे दावे जास्त येतात, कोणत्या कारणावर येतात, एकच वादी पुन्हा पुन्हा दिसतो का. वाडे विकत घेऊन एकेक भाडेकरूवर दावा लावणारा मालक असेल, तर त्याचं नाव नव्या यादीत दिसताच पत्त्याशिवायही अंदाज येतो की घंटा कुठे वाजली. दुसरा मार्ग सरळ आहे. पत्ता कोर्टाच्या कागदात पहिल्या दिवसापासून असतो, समन्स त्याच पत्त्यावर तर जातं. फुकट वकील मिळवून देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्याच व्यवस्थेचा भाग आहे. नव्या दाव्यांची वस्तीनिहाय नोंद, नावं न देता, आठवड्याला एकदा त्यांच्याकडे पोचली तर शिबिर कुठे घ्यायचं हे त्यांना कळेल. माझ्या मते खरा उपाय हाच; बाकी आम्ही हौशी लोक करतो ते ठिगळ.

भागाकार केल्याशिवाय रंग भरायचा नाही

नकाशे फसवतात, आणि बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसवतात. समजा एका वॉर्डात चार हजार भाडेकरू कुटुंबं आहेत आणि वर्षात चाळीस दावे लागले. दुसऱ्या वॉर्डात तीनशे भाडेकरू कुटुंबं, दावे बारा. नुसते ठिपके टाकले तर पहिला वॉर्ड भयंकर दिसेल. भागाकार केला तर पहिल्यात शंभरामागे एक, दुसऱ्यात शंभरामागे चार. शिबिर कुठे न्यायचं? दुसरीकडे. मुलं शाळेत शिकतात तेवढंच गणित, पण वर्तमानपत्री नकाशांत नेमकं तेच गळतं.

भागायला खाली आकडा हवा, आणि तिथे आपली गाडी अडते. कुठल्या वॉर्डात किती टक्के घरं भाड्याची, हे जनगणनेतून मिळतं, पण हातात आहे ती २०११ची. त्यानंतर इंदूर किती फुगलं ते बायपासवरून एकदा जाऊन या, म्हणजे कळेल. महापालिकेचे वॉर्ड आता ८५ आहेत आणि त्यांच्या हद्दी २०११च्या नाहीत. पुढची जनगणना २०२७ची. तोवर जुन्या आकड्यांवर अंदाजाने काम भागवायचं आणि नकाशाच्या कोपऱ्यात ते ठळक लिहायचं.

आणखी एक पथ्य: ज्या भागात दोन-तीनच दावे आहेत तिथे आकडा छापायचा नाही, 'पाचपेक्षा कमी' एवढंच लिहायचं. गल्लीत एकच खटला असेल तर तो कुणाचा हे शेजारणीला सांगायला नकाशा कशाला पाहिजे?

जे कोर्टात येतच नाही

डेसमंड यांनी मिलवॉकी शहरात भाडेकरूंच्या घरोघरी जाऊन विचारपूस केली, तेव्हा बळजबरीने घर सोडावं लागलेल्यांपैकी कोर्टातून गेलेली प्रकरणं साधारण एक चतुर्थांशच निघाली. जवळपास निम्मी कोर्टाबाहेरची होती, दम देऊन, थोडे पैसे देऊन, दार काढून नेऊन केलेली. आपल्याकडे याहून वेगळं असेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो पोरं खोल्यांत राहतात. त्यांच्यावर कोण दावा लावणार? "पहिली तारखेपर्यंत खोली खाली कर" म्हटलं की काम होतं. अडला तर मोटर बंद, पाणी बंद. (पाणी-वीज असं तोडणं या कायद्यात बेकायदा आहे, पण परीक्षा तोंडावर असलेला पोरगा तक्रार करत नाही, खोली बदलतो.) अकरा महिन्यांचा करार हीसुद्धा अशीच एक खास आपली चीज. वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा. तेव्हा नकाशावर भंवरकुआँ पांढराशुभ्र दिसला तर तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नये.

आणि एक प्रकार असा, जो कोर्टात नाही पण सरकारी कागदावर आहे. इथे मला घरचीच गोष्ट सांगायला हवी, कारण मी मूळची मालकाच्या घरातली. आजोबा गेल्यावर आजीला पुढच्या दोन खोल्या हव्या होत्या, काका कुटुंब घेऊन परत येत होते. भाडेकरू जायला तयार नव्हते, भाडं इतकं जुनं की त्यात महिन्याचं दूध येत नसे. १९८३ साली या कायद्यात एक नवं प्रकरण घातलं गेलं. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा काही मालकांना स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी दिवाणी कोर्टात न जाता थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत शपथपत्रासह अर्ज करून बचाव करायची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर त्याचं म्हणणं ऐकलंच जात नाही. आजी त्याच दाराने गेली. आमच्या घरात ती गोष्ट 'आजी जिंकली' अशीच सांगतात. समोरच्या कुटुंबाने पंधरा दिवसांचं काय केलं, हे मी काकूंचा लिफाफा बघेपर्यंत कधी विचारलं नव्हतं.

आजीची गरज खोटी नव्हती. मला त्यात मालकाला खलनायक करायचं नाही. इंदूरच्या जुन्या मराठी वाड्यांत मालक आणि भाडेकरू दोघंही एकाच नळावर पाणी भरत आलेत. पण नकाशाच्या दृष्टीने बघा, ते प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या यादीत कधीच दिसणार नाही. मुदतही तिथे एक महिन्याची नाही, पंधरा दिवसांची. जिथे घड्याळ जास्त जोरात पळतं, तोच भाग यादीबाहेर.

काकूंची भीती

"माझं नाव मोबाईलमध्ये?" हा प्रश्न टाळून हा नकाशा काढता येत नाही. नावाने शोधता येणारी यादी भाडेकरूच्या वकिलाला उपयोगी पडते, तशीच पुढच्या मालकालाही पडते. "याच्यावर आधी दावा लागलाय" एवढं दिसलं की खोली मिळत नाही. दावा खोटा होता का, निकाल कुणाच्या बाजूने लागला, कोण बघतो? अमेरिकेत भाडेकरूंची अशी पूर्वपीठिका विकणाऱ्या कंपन्याच आहेत. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून घरखाली खटल्यांच्या नोंदी मुळातच झाकून ठेवायला सुरुवात केली. साठ दिवसांत मालक जिंकला तरच त्या उघड होतात.

दुसरा गिऱ्हाईक बिल्डर. कुठल्या गल्लीत वाडे विकले जाताहेत, कुठे भाडेकरू कोर्टात थकलेत, हे रंगवून दाखवणारा नकाशा त्याला फुकट मिळालेलं सर्वेक्षण आहे. हे लक्षात आल्यावर मी माझ्या लॅपटॉपवरचा घराघराचा ठिपक्यांचा नकाशा पुसून टाकला. आता आहे तो वॉर्डाचा, तीन-तीन महिन्यांचा, नावं-घरनंबर नसलेला. बारीक माहिती लागेल ती फक्त मदत करणाऱ्याच्या हातात, आणि तीही काम संपेपर्यंत. कमी सुंदर दिसतो, मान्य आहे.

मदत आहे, तिला रस्ता सापडत नाही

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार फुकट वकील मिळण्याचा हक्क बऱ्याच लोकांना आहे: अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेले. आणि स्त्रिया, उत्पन्नाची अट न लावता. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "फुकट म्हणजे कसा वकील देतील?" ही शंका गावभर आहे आणि ती एका वाक्यात जात नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. म्हणजे कायदा, हक्क, फोन, सगळं जागेवर. फक्त ते त्या तीस दिवसांत त्या दारापर्यंत चालत जात नाही. ज्या वस्तीत या तिमाहीत दावे वाढलेत तिथल्या गणपती मंडळाच्या फळ्यावर, रेशन दुकानात, डबेवाल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन ओळी गेल्या तरी पुष्कळ झालं: समन्स आलं असेल तर पेशीची वाट बघू नका, कागद हातात पडल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा, आणि भाड्याचे पैसे घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा. नकाशाने एवढंच सांगायचं की या दोन ओळी आधी कुठे चिकटवायच्या.

काकूंच्या अर्जावर कोर्टाने मुदत वाढवून दिली. चौदा पाकिटं फोडून पैसे मोजले, त्यात दोन महिन्यांची भर घातली आणि वकीलबाईंबरोबर एम.जी. रोडवरच्या कोर्टात जाऊन भरून आल्या. खटला चालू आहे, कदाचित बरीच वर्षं चालेल.

परवा त्यांच्याकडे गेले होते. ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाच्या खाडाखोडी, सिलिंडरची तारीख, कुणाचं बारसं. दर महिन्याच्या दहा तारखेभोवती आता लाल गोल आहे आणि त्यात 'कोर्ट' लिहिलंय. मी म्हटलं, "काकू, मुदत पंधरापर्यंत असते."

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या, "पण मध्ये रविवार येतो, सुट्टी येते, बाबू जागेवर नसतो. दहाच बरी."